गणपूर्ती

हिरव्यांनी पुन्हा जांभळ्यांना आपल्यात ओढलं होतं.

डॉ. चारुशीला उपाध्ये यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, चष्मा लावला आणि समोरच्या काचबशीकडे, दहावीच्या निकालाकडे आई पाहते तसं पाहिलं. काल या बशीतल्या शंभर हिरव्या पेशींत त्यांनी दहा जांभळ्या सोडल्या होत्या. आज सगळ्या हिरव्या होत्या. हिरवी म्हणजे अपक्व पेशी. फुटायचं, पसरायचं, कामाचं नाव काढायचं नाही. जांभळी म्हणजे पक्व. वाढ थांबवून मज्जातंतू म्हणून रुजू झालेली, शहाणी आणि जराशी कंटाळवाणी. शेजारच्या बशीत मात्र काल जांभळ्या जास्त घातल्या होत्या, पाचात एक या प्रमाणात. तिथे आज औषधालाही हिरवी उरली नव्हती.

म्हणजे सिद्धान्त पक्का होता. नवजात बाळांच्या काही गाठी या मुळात दुष्ट पेशींच्या नसतात; मोठं व्हायचं राहून गेलेल्या पेशींच्या असतात. प्रत्येक पेशी शेजारणीकडे बघून वागते. आजूबाजूला पुरेशा पक्व पेशी दिसल्या की तीही पक्व होते. नाही दिसल्या तर पक्व झालेलीसुद्धा माघारी फिरून पोरकट होते. 'पुरेशा' म्हणजे पाचात एक. या उंबरठ्याला चारुशीलाबाईंनी 'गणपूर्ती' असं नाव दिलं होतं.

शब्द शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. 'नवांकुर सहकारी नवजात संशोधन संस्था' मिरजेहून तासगावकडे जाताना ऊस संपून द्राक्षबागा सुरू होतात तिथे उभी होती. सहकारातून साखर, दूध, सूत आणि पुढारी निघतात हे जगाला ठाऊक होतं. विज्ञानही निघू शकतं हे सिद्ध करण्यासाठी परिसरातल्या कारखान्यांनी ही संस्था काढली होती, आणि कारखान्यांचेच पोटनियम नाव बदलून तिला लावले होते. त्यामुळे इथे रक्तगट बदलण्यापेक्षा ठराव बदलणं अवघड होतं, आणि 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब' हे वाक्य चारुशीलाबाईंच्या कानावर आठवड्यातून एकदा तरी पडायचं.

"उपाध्येबाई, तुमच्या आवडीचं गिऱ्हाईक आलंय." दारात डॉ. इक्बाल मुजावर उभे होते. नवजात विभागाचे प्रमुख, चारुशीलाबाईंचे वीस वर्षांचे सहकारी आणि तितक्याच वर्षांचे विरोधक.

"गाठ?"

"एक असती तर मी फोन केला असता. चालत आलोय म्हणजे बघा. मूळ मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत, पसारा यकृतभर, कातडीखाली निळसर गोट्या. मुलगी. जन्मून आठवडासुद्धा झालेला नाही, आणि आलीय तीही महिनाभर आधीच."

"श्वास?"

"यंत्रावर. यकृत इतकं सुजलंय की फुफ्फुसाला हलायला जागा नाही. आजच्या वेगानं सूज वाढली तर आठवडाभर. फार तर."

"नेहमीची औषधं?"

"दिली तर गाठीच्या आधी बाळ जाईल. म्हणून तर तुमच्याकडे आलो. नाहीतर मी तुमच्या वाऱ्याला तरी उभा राहतो का?"

बाळाचे आईवडील अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसले होते. वडील संभाजी चौगुले तासगावात बेदाण्याच्या शीतगृहात यंत्रं सांभाळायचे. आई उज्ज्वला शाळेत भूगोल शिकवायची. बाळंतपणाला आठवडा झाला नव्हता तरी ती ताठ बसली होती, आणि समोरच्या भिंतीवरचा संस्थेचा नकाशा चुकलाय का ते तपासत होती.

"शेवटच्या दोन महिन्यांत तुम्हाला काही त्रास?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"छाती धडधडायची. घाम फुटायचा. फळ्यावर लिहिता लिहिता हात कापायचा."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, होतंच असं."

"आमच्या आक्कानं दोनदा दृष्ट काढली, मॅडम," संभाजी म्हणाले. "नाही उतरली."

"ती उतरणारी नव्हती. बाळाची गाठ उत्तेजक रसायनं तयार करत होती. ती नाळेतून यांच्या रक्तात यायची. बाळ जन्मल्यावर धडधड थांबली की नाही?"

उज्ज्वलानं मान हलवली. "म्हणजे ती मला सांगत होती."

"हो. आणि ऐकायला कुणी नव्हतं," मुजावर म्हणाले. डॉक्टरांच्या तोंडून असं वाक्य क्वचित येतं, म्हणून चारुशीलाबाईंनी ते मनात नोंदवून ठेवलं. पुढे कधी भांडताना उपयोगी पडलं असतं.

निदान झालं. उपचाराचं घोडं मात्र पेंड खात होतं. चारुशीलाबाईंकडे 'पक्वनपात्र' होतं. बाळाच्या गाठीतल्या थोड्या पेशी काढायच्या, पात्रातल्या द्रवात त्यांना जांभळं करायचं आणि परत गाठीत सोडायचं. उंदरांच्या पिल्लांत ते चाललंही होतं. पण पिल्लू उंदराचं होतं, आणि गाठ मुगाएवढी.

"या बाळाच्या गाठींचा पाचवा हिस्सा भरेल इतक्या पक्व पेशी करायला तुमच्या पात्राला किती वेळ लागेल?" मुजावरांनी विचारलं.

"महिना."

"आणि आहेत तेवढ्या आठवड्याभरात सोडल्या तर?"

"तर गणपूर्ती होणार नाही. हिरव्या त्यांना आपल्यात ओढतील. आपण गाठीत आणखी गाठ घातल्यासारखं होईल."

"गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्ध्या तासानं त्याच जागी भरते आणि मग गणपूर्तीची अट राहत नाही. पोटनियमात आहे."

"ती सोय सहकार कायद्यात आहे, मुजावर. यकृतात नाही."

तरीही काहीतरी करायचं म्हणून त्या कामाला लागल्या. काही न करणं त्यांना जमत नसे. पहिलं काम पेशीवेचकाचं. हे यंत्र रक्तातल्या एकेका पेशीची ओळख पटवून तिला वेगळं काढतं. पण बाळाची पेशी कुठली हे शिकवायला त्याला आधी आईचं रक्त दाखवावं लागतं. चारुशीलाबाईंनी उज्ज्वलाचं रक्त आत घातलं.

यंत्रानं लाल दिवा लावला आणि आकाशवाणीवरच्या बाईच्या आवाजात सांगितलं, "नमुना दूषित आहे. कृपया हात धुऊन पुन्हा प्रयत्न करा."

परिचारिकेनं हात धुऊन दुसरा नमुना आणला. दूषित. तिसऱ्यांदा चारुशीलाबाईंनी स्वतः हात धुतले, स्वतः रक्त काढलं, नळी स्वतः उचलून आणली. यंत्रानं त्यांनाही हात धुवायला सांगितलं.

त्या नळी हातात धरून उभ्या राहिल्या. आईच्या नमुन्यात बाळाच्या पेशी सापडल्या तर नमुना फेकून द्यायचा, असा नियम होता. जगातल्या सगळ्या प्रयोगशाळांत होता, आणि इथे तो चारुशीलाबाईंनीच आणला होता. त्यामुळे शिव्या द्यायला कुणी मिळेना. नियम चुकीचा नव्हता. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत होती की त्या पेशी बाहेरून, कुणाच्या तरी निष्काळजी हातून आल्या असणार. पण बाळ नऊ महिने आईच्या आत राहतं. इतकं जवळचं बिऱ्हाड असताना भाडेकरूचं सामान मालकाच्या खोल्यांत सापडलं, तर चोरी झाली असं कुणी म्हणत नाही.

त्यांनी यंत्राची तक्रार बंद केली आणि त्या पेशी फेकण्याऐवजी पडद्यावर दाखवायला सांगितलं.

मुजावरांना बोलावणं गेलं तेव्हा ते जेवत होते. ते भाकरीचा तुकडा हातात घेऊनच आले.

"हे काय बघतोय मी?"

"आईचं रक्त. त्यात बाळाच्या पेशी. त्यातल्या साध्या सोडून द्या. या बघा, यांच्या गुणसूत्राचा शेंडा तुटलाय. गाठीतल्या पेशींची खूण. या गाठीच्याच पेशी आहेत. बाळातून आईत गेल्यात."

मुजावरांनी तुकडा खाली ठेवला. "म्हणजे आईलाही..."

"रंग बघा."

मुजावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. "सगळ्या जांभळ्या आहेत."

"एकूण एक."

"कोणी केल्या? औषध नाही, पात्र नाही..."

"मोजक्या होत्या. बाळात त्यांचा जमाव होता, तिथे त्या एकमेकींकडे बघून पोरकट राहिल्या. आईत आल्या तेव्हा चहूकडे मोठी माणसं. जिकडे बघावं तिकडे पक्व पेशी. मुजावर, आईचं शरीर म्हणजे पाशवी बहुमत आहे. तिथे हिरव्यांना अनामत रक्कमसुद्धा परत मिळत नाही."

"आणि वारेतून रहदारी दोन्ही बाजूंनी असते," मुजावर सावकाश म्हणाले. तेही काही उगाच विभागप्रमुख झाले नव्हते. "बाळातून हिरव्या येणार, आईत जांभळ्या होणार, आणि परत बाळात जाणार. हे काम चालूच होतं."

"चालू होतं. महिनाभराचं उरलं होतं."

"आणि आम्ही नाळ कापली."

"तुम्ही नाही. पोर लवकर आली, नाळ कापावीच लागते. पण काम अर्धं राहिलं. पुन्हा जोडू या."

मुजावरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणापलीकडच्या नव्या दालनात 'कृत्रिम वार' हे यंत्र उभं होतं. त्याच्या पापुद्र्याच्या एका बाजूनं आईचं रक्त वाहतं, दुसऱ्या बाजूनं बाळाचं, आणि पापुद्रा ठरवून दिलेल्या पेशींनाच ये-जा करू देतो. फार लवकर जन्मलेल्या बाळांसाठी ते आणलं होतं. ते येऊन तीन महिने झाले होते, आणि ते अजून प्लास्टिकमध्येच होतं. कारण उद्घाटनाला मंत्र्यांची तारीख मिळत नव्हती. दालनाच्या दारात लाल फीत बांधून ठेवली होती. तिच्यावर धूळ बसायची म्हणून शिपाई ती सोमवारी झटकायचा.

"नीतिसमिती," मुजावर म्हणाले. "आपण एका निरोगी बाईच्या अंगात कॅन्सरच्या पेशी सोडणार आहोत. लाखांनी."

"कोटींनी. मोजून सांगते."

"हे सभेत सांगू नका."

नीतिसमितीची तातडीची सभा दुसऱ्या दिवशी दुपारी भरली, म्हणजे भरली नाही. अकरा सभासदांपैकी सात हवे होते, चार आले. उरलेले इचलकरंजीला एका लग्नाला गेले होते. लग्नाची तिथी होती, त्याला विज्ञानाचा इलाज नव्हता. अध्यक्ष आप्पासाहेब कारंडे यांनी घड्याळ पाहून सभा तहकूब केली. चौघांनी चहा घेतला. अर्ध्या तासानं तीच माणसं त्याच खुर्च्यांवर पुन्हा बसली आणि सभा कायदेशीर झाली.

आप्पासाहेब पूर्वी साखर कारखान्याचे अध्यक्ष होते. विज्ञानातलं त्यांना कळत नसे आणि तसं ते सांगत असत. त्यामुळे ते संस्थेतले सर्वांत कमी धोकादायक पदाधिकारी मानले जात. शेजारी एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. त्या कुणालाच धोकादायक नसण्याच्या भानगडीत पडत नसत.

चारुशीलाबाईंनी सगळं मांडलं. हिरव्या, जांभळ्या, पाचात एक. आप्पासाहेबांनी दोनदा मान डोलावली. बहुमताचा विषय त्यांना नवा नव्हता.

"एवढंच सांगा, बाई," ते म्हणाले. "पोरीची गाठ आईत सोडली आणि आई कमी पडली तर?"

नेमका हाच प्रश्न होता, आणि तो विचारायला पदवी लागत नव्हती.

"आईचं शरीर बाळाच्या वीस-पंचवीस पट आहे. हिरव्या एकदम सोडणार नाही, धारेनं सोडू. कुठल्याही क्षणी त्या आईत अल्पमतातच राहतील."

"आणि आईच्या शरीरानं त्यांना परक्या म्हणून हाकललं तर?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"इतके महिने हाकललं नाही."

"सिद्धान्त चुकला तर?"

"तर आईला कॅन्सर होईल," चारुशीलाबाई म्हणाल्या. मुजावरांनी डोळे मिटले.

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांना बोलवा. आईंना. यजमान बाहेरच थांबू देत."

उज्ज्वला आली. तिला सगळं पुन्हा सांगितलं गेलं, शेवटच्या वाक्यासकट. नकार दिलात तर कुणी बोल लावणार नाही, असंही न्यायाधीश बाईंनी दोनदा सांगितलं.

"नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते," उज्ज्वला म्हणाली. "पुढे नाव कृष्णेचंच राहतं. पोरं दरवर्षी विचारतात, असं का? मी सांगते, जिच्यात पाणी जास्त, तिचं नाव. डॉक्टर म्हणतायत की मी कृष्णा आहे. मला ते तपासून बघायचंय."

"आणि नसलात तर?"

"तरी पंचगंगेला मिळायला कुणीतरी लागेलच ना, बाई."

ठराव संमत झाला. सूचक कोण, अनुमोदक कोण हे लिहून घेण्यात काही मिनिटं गेली. मग आप्पासाहेबांना फीत आठवली.

"मंत्रीसाहेबांची तारीख कालच मिळालीय, पंधरवड्यानं येणार आहेत. यंत्र वापरलेलं दिसलं तर बरं नाही दिसणार."

"पुसून ठेवू," मुजावर म्हणाले.

"आणि फीत?"

"कापत नाही. खालून वाकून जाऊ."

अशा रीतीने संस्थेचं सर्वांत प्रगत यंत्र सुरू झालं. बाळाची काचपेटी, श्वासयंत्र, दोन डॉक्टर, तीन परिचारिका आणि चाकांच्या खुर्चीवरची उज्ज्वला असे सगळे एकेक करून लाल फितीखालून गेले. फीत उचलून धरायचं काम संभाजी चौगुलेंनी केलं. त्यांना दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि ते त्यांनी इतक्या मन लावून केलं की सगळे आत गेल्यावरही ते हात वर करून उभेच होते.

पहिल्या दिवशी उज्ज्वलाची छाती धडधडली, कपाळावर घाम आला. "ओळखीचं आहे," ती म्हणाली आणि झोपली. पापुद्र्यातून हिरव्या पेशी तिच्याकडे जात होत्या. तिच्याकडून येणाऱ्या रक्तात संध्याकाळपर्यंत जांभळ्या दिसू लागल्या. चारुशीलाबाई दर तासाला तिचं रक्त तपासत होत्या. हिरव्या आत शिरत, आणि दुसऱ्या तपासणीला त्यांतली एकही हिरवी सापडत नसे. कृष्णा कृष्णाच होती.

पण बाळाचं पोट वाढत होतं. दुसऱ्या दिवशी वाढलं. तिसऱ्या दिवशीही वाढलं. श्वासयंत्राचा दाब मुजावरांनी आणखी चढवला.

"उपाध्येबाई, थांबवू या," ते कोपऱ्यात घेऊन म्हणाले. "आई छान आहे. पोर जातेय. काही फरक नाही."

"फरक दिसणारच नाही. पाचात एक व्हायच्या अगदी अलीकडेपर्यंत काहीही दिसणार नाही. आतापर्यंत परत गेलेल्या जांभळ्या गाठीत चिकटून तग धरून आहेत, कारण मागून रोज नव्या येतायत. धार थांबली तर त्या सगळ्या उलटतील. पुढे जाणं धोक्याचं आहे. पण थांबणं म्हणजे नक्की हरणं."

"हे बशीत बघितलंत तुम्ही. बाळ बशी नाही."

"नाही. बशीला आई नसते."

मुजावर संभाजींकडे गेले, त्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं: आपण चालू ठेवतोय, मला पटलेलं नाही, बाईंना पटलंय. संभाजी ऐकून म्हणाले, "शीतगृहात बर्फ धरायच्या आधी पाणी असंच असतं, डॉक्टर. थंड होत जातं, दिसत काही नाही. आमचे नवे कामगार तेव्हाच झाकण उघडतात." मग जरा थांबून, "पण पाण्याला जीव नसतो. म्हणून विचारतो, तुम्ही झाकण उघडत नाही ना?"

"उघडत नाही," मुजावर म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी परिचारिकेनं बाळाच्या पोटाला मोजपट्टी लावली आणि ती तशीच धरून उभी राहिली. मग दुसऱ्या परिचारिकेला बोलावलं. घेर कालच्याइतकाच होता. दुपारी तो कमी भरला. संध्याकाळी यकृताच्या चित्रात हिरव्या जंगलात जांभळी बेटं दिसली. ती एकमेकांना जाऊन मिळत होती. त्यानंतरचं सगळं इतकं वेगानं झालं की वर्णन करायला वेळ मिळू नये. बहुमत फिरलं की काठावरचे धावत येतात, हे आप्पासाहेबांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ते पडद्यासमोर उभे राहून नुसते "हं, हं" करत होते, अविश्वास ठरावाच्या दिवशी करायचे तसे. कातडीखालच्या निळ्या गोट्या ढेकळं विरघळावीत तशा विरल्या. यकृत आपल्या जागी गेलं. फुफ्फुसं पहिल्यांदाच पुरती उघडली.

श्वासयंत्राची नळी काढली तेव्हा बाळानं असा काही टाहो फोडला की अंगणापलीकडच्या लेखा विभागात माणसं उठून उभी राहिली. मुजावरांनी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसला. उज्ज्वलानं हात पुढे केले. मधे नळ्या होत्या, तारा होत्या; परिचारिकांनी त्या चटचट बाजूला केल्या. तिच्या छातीवर बाळ टेकलं आणि रडायचं थांबलं.

"आवाज मोठाय," संभाजी म्हणाले. "माझ्या घराण्यात कुणाचा नाही."

"माझ्यात आहे," उज्ज्वला म्हणाली. "चाळीस पोरांचा वर्ग असतो माझा."

मंत्री ठरल्या दिवशी आले, फीत कापली आणि कोऱ्या यंत्राचं कौतुक केलं. यंत्र खरोखर छान पुसलं होतं.

राहिलं होतं ते शोधनिबंधाचं काम. परदेशी परीक्षकांनी एक रास्त मागणी केली: तुलनेसाठी अशा एका आईचं रक्त दाखवा, जिच्या मुलाला ही गाठ कधीच झाली नव्हती. तिच्यात तुटक्या शेंड्याच्या जांभळ्या पेशी सापडता कामा नयेत. शोधाशोध करायला चारुशीलाबाईंना सवड नव्हती. त्यांना स्वतःला एक मुलगा होता, अमोघ. पुण्यात नोकरीला, सहा फूट उंच, सर्दीपलीकडे कधी आजारी न पडलेला. त्यांनी स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला, रक्त काढलं आणि यंत्रात घातलं.

पडद्यावर जांभळे ठिपके आले. मोजके, पण स्पष्ट. चारुशीलाबाईंनी एक ठिपका मोठा केला. गुणसूत्राचा शेंडा तुटलेला होता. दुसरा मोठा केला. तोही.

त्यांनी मुजावरांच्या पत्नीचं रक्त मागवलं, मग परिचारिकांचं, मग न्यायाधीश बाईंचं. त्यांनी कारण विचारलं आणि पटल्यावर दंड पुढे केला. सगळ्यांत नाही, पण दर दहा-बारा आयांत एकीच्या रक्तात तेच ठिपके होते. सगळ्यांची मुलं धडधाकट. एक तर कबड्डी खेळायचा.

मुजावरांनी आकडे पाहिले आणि खुर्ची ओढून बसले. "आपण वीस वर्षं सांगतोय की हा आजार लाखात एकाला होतो."

"लाखात एकाला आपल्याला दिसतो. बाकीच्यांची नाळ वेळेवर कापली जाते. तोवर काम झालेलं असतं."

"म्हणजे आजार दुर्मीळ नाही."

"नाही. बऱ्या न होणाऱ्या गाठी दुर्मीळ आहेत. आणि आता त्याही बऱ्या होतील."

मुजावर गेल्यावर त्यांनी अमोघला फोन लावला.

"आई, मी कामात आहे. काय झालं?"

"काही नाही. तुला जन्माच्या आधी कॅन्सर होता."

"हे तुला कधी कळलं?"

"आत्ता, जेवणाच्या आधी."

"आणि आता?"

"आता नाही. जन्मलास तेव्हाच बरा होतास. माझ्या रक्तात पुरावा आहे, पाठवते."

"पण मग मला बरं कुणी केलं?"

"मी."

"तेव्हा तू डॉक्टर तरी होतीस का?"

"शेवटच्या वर्षाला होते. बराच वेळ झोपा काढायचे."

अमोघनं हे सगळं जुळवून पाहिलं. तो हुशार होता, फक्त सावकाश होता. "म्हणजे तू मला झोपेत बरं केलंस. आणि मग गेली वीस वर्षं त्या प्रयोगशाळेत बसून नेमकं काय शोधत होतीस?"

"तेच," चारुशीलाबाई म्हणाल्या. "जागेपणी कसं करायचं ते."